पीएफआयसी टाइप २ : ओडेव्हिक्सिबॅट हे औषध भारतात कुणी मागवलं आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या भाचीला (वय ३) पीएफआयसी टाइप २ (यकृतातून पित्त नीट बाहेर न पडण्याचा दुर्मीळ आनुवंशिक आजार) असल्याचं जनुकीय तपासणीत नक्की झालं आहे. एबीसीबी११ जनुकात दोष आहे. बाइल अॅसिड (पित्तातली आम्लं) यकृताच्या पेशींबाहेर टाकणारं प्रथिन नीट काम करत नाही, म्हणून ती आत साठतात आणि रक्तात उतरतात. कावीळ असूनही जीजीटी (यकृताच्या रक्ततपासणीतलं एक एन्झाइम) नॉर्मल होतं, त्यावरूनच डॉक्टरांना शंका आली.

सगळ्यात जास्त हाल खाजेचे आहेत. अंगावर पुरळ नाही, पण पोर रात्रभर कान, पोटऱ्या, तळपाय ओरबाडत असते. ताई रोज नखं घासते, हातात मोजे घालून झोपवते, तरी सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असतातच. मूळ कातडीत नाही, त्यामुळे तेल-मलमाचा काही उपयोग होत नाही. अर्सोडिऑक्सीकोलिक अॅसिड, रिफाम्पिसिन आणि अ, ड, ई, के जीवनसत्त्वं चालू आहेत. फरक फारसा नाही. आता पित्त बाहेर वळवण्याची (डायव्हर्जन) शस्त्रक्रिया सुचवली आहे, पुढे कदाचित ट्रान्सप्लांट.

पीएफआयसीमधल्या खाजेवरच्या ओडेव्हिक्सिबॅटला २०२१ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात मान्यता मिळाली. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून बाइल अॅसिड परत शोषली जातात, ती वाट हे औषध अडवतं आणि ती शौचावाटे निघून जातात. त्याच जातीच्या मॅरालिक्सिबॅटला पीएफआयसीसाठी अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. मात्र यकृतातलं ते बाइल अॅसिड बाहेर टाकणारं प्रथिन शरीरात मुळीच बनत नसेल तर ओडेव्हिक्सिबॅट लागू पडेलच असं नाही. भाचीच्या रिपोर्टमध्ये मिससेन्स बदल आहे (म्हणजे प्रथिनातला एक घटक बदलतो, पण प्रथिन सहसा बनतं), म्हणून आम्हाला आशा वाटते.

स्वतःपुरतं औषध आयात करायला फॉर्म १२ए भरून १२बी परवाना घ्यावा लागतो, एवढं कळलं आहे. हे कुणी प्रत्यक्ष केलं आहे का? कस्टम्समध्ये काय अडचणी आल्या? महिन्याचा खर्च किती येतो? कंपनीकडून सवलतीत किंवा मोफत मिळालं का? मुंबईचं केईएम दुर्मीळ आजारांचं केंद्र आहे, तिथे पीएफआयसीच्या मुलांसाठी निधीचा अर्ज घेतात का? आणि ज्यांच्या मुलांची डायव्हर्जन शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांची खाज खरंच थांबली का?

एक कळकळीची विनंती : काढे, गुळवेल कृपया सुचवू नका. गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनीच नोंदवले आहेत.

इथे लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल. ताईला पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रियेबद्दल निर्णय कळवायचा आहे.