मासिक शुल्क न भरता दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम घरी रेकॉर्ड करून कायमचा कसा ठेवावा?

शिवारवाट यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे गाव सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आहे. आईच्या भजनी मंडळाचा एक कार्यक्रम पुढील महिन्यात सह्याद्री वाहिनीवर दाखवला जाणार असून तो कायमचा जतन करून ठेवावा, अशी घरातल्या सर्वांची इच्छा आहे. आई 76 वर्षांची आहे आणि मंडळातील बऱ्याच जणी तिच्याच वयाच्या आहेत. त्यामुळे अशी संधी पुन्हा येईलच असे सांगता येत नाही.

इतक्या काळजीने विचारण्यामागे कारण आहे. चार वर्षांपूर्वी याच मंडळाची एक गवळण दूरचित्रवाणीवर लागली होती. त्या वेळी आमच्याकडे दरमहा रिचार्ज करावी लागणारी डिश आणि तिचा रेकॉर्डिंग करणारा बॉक्स होता, आणि रेकॉर्डिंगही व्यवस्थित झाले होते. पुढे अवकाळी पावसाने द्राक्षबाग गेली आणि तीन महिने रिचार्ज करणे जमले नाही. त्या काळात रेकॉर्डिंगची यादी पडद्यावर दिसत असे, पण नाव निवडले की रिचार्ज करण्याची सूचना येई. नंतर बॉक्सच बिघडला. कंपनीच्या माणसाने तो बदलून दिला आणि जुना परत नेला. त्या गवळणीत माझ्या मावशीचा आवाज होता. मावशीचे गेल्या वर्षी निधन झाले, आणि तिचा गातानाचा दुसरा एकही पुरावा आमच्याजवळ नाही.

म्हणून या वेळी रेकॉर्डिंगची फाइल माझ्या हातात असावी आणि ती कोणत्याही संगणकावर चालावी, एवढीच अपेक्षा आहे. खर्च तीन हजारांपर्यंत करू शकतो. गावात केबल नाही, इंटरनेट जेमतेम चालते आणि संध्याकाळी वीज जाण्याची शक्यता नेहमीच असते. कृपया मार्ग सुचवावा.

अंशमापक यांचे उत्तर

मी गेली अनेक वर्षे डिश बसवण्याचे काम करतो, त्यामुळे आपल्यासारखी हकीकत यापूर्वीही ऐकली आहे. सशुल्क सेवेच्या बॉक्समधील रेकॉर्डिंग सांकेतिक स्वरूपात साठवलेले असते आणि ते उघडण्याची किल्ली त्याच बॉक्सजवळ व चालू जोडणीजवळ असते. त्यामुळे त्याची डिस्क काढून संगणकाला लावली तरी काही उपयोग होत नाही. दोष आपल्या हाताळणीचा नव्हता, ती रचनाच तशी असते.

आपल्या गरजेसाठी सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग म्हणजे दूरदर्शनची डीडी फ्री डिश. ही सेवा 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला दरमहा शुल्क नाही आणि सह्याद्री वाहिनी तिच्यावर आहे. डिश (छत्री), एलएनबी (छत्रीसमोर बसवलेला, उपग्रहाचा सिग्नल घेणारा भाग), केबल आणि बॉक्स धरून साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. जुन्या जोडणीची छत्री घरावर अजून असेल तर तो खर्चही बराच कमी होईल, कारण तीच छत्री जीसॅट-15 या उपग्रहाकडे वळवता येते. हा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या भागातून तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे 60 अंश उंचीवर येतो. आपल्याकडच्या छत्रीचा एलएनबी मध्यावर नसून खाली असतो, त्यामुळे छत्री दिसायला तितकी वर तोंड करून राहत नाही. हे माहीत नसल्याने पुष्कळ जण ती जास्त वर उचलतात आणि सिग्नल मिळत नाही म्हणून थकतात.

खरी काळजी बॉक्स निवडताना घ्यावी. यूएसबीची जागा असलेला प्रत्येक बॉक्स रेकॉर्डिंग करतो असे नाही. काही बॉक्स पेनड्राइव्हवरील गाणी आणि चित्रपट केवळ दाखवतात. दुकानातच पेनड्राइव्ह लावून, रिमोटवरील रेकॉर्डचे बटण दाबून, दोन मिनिटांची फाइल तयार होते का आणि ती संगणकावर चालते का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एमपीईजी-4 (चित्र-आवाज कमी जागेत बसवण्याची नवी पद्धत) चा बॉक्स घ्यावा, कारण तो जुन्या एमपीईजी-2 पद्धतीच्या वाहिन्याही दाखवतो. असा बॉक्स उपग्रहाकडून आलेला प्रवाह जसाच्या तसा पेनड्राइव्हवर लिहितो. त्यामुळे चित्राचा किंवा आवाजाचा दर्जा मूळ प्रक्षेपणापेक्षा तसूभरही कमी होत नाही. फाइल संगणकावरील व्हीएलसी प्लेअर या मोफत प्रणालीवर चालते. साध्या दर्जाच्या वाहिनीचा एक तास साधारण एक ते दीड जीबी जागा घेतो, म्हणजे 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर 20 तासांहून अधिक रेकॉर्डिंग मावते. पेनड्राइव्ह फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. लांबलचक कार्यक्रमाचे दोन-तीन तुकडे झालेले दिसले तर घाबरू नये, ते एकामागोमाग जोडता येतात. पोर्टेबल हार्ड डिस्क मात्र टाळावी, कारण बॉक्सच्या यूएसबीमधून मिळणारी वीज तिला अनेकदा अपुरी पडते आणि रेकॉर्डिंग मध्येच थांबते.

टायमर लावणार असाल तर आधी बॉक्सचे घड्याळ तपासावे. घड्याळाची वेळ उपग्रहाच्या सिग्नलमधून येते, पण ती ग्रीनिचची असते; मेनूमध्ये साडेपाच तासांची भर घातलेली नसेल तर संध्याकाळी सातचा टायमर रात्री साडेबाराला सुरू होतो. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मुलीचे नृत्य याच कारणाने हुकले, आणि तेव्हापासून बॉक्स बसवला की मी पहिल्यांदा घड्याळ पाहतो. कार्यक्रमाच्या वेळेआधी दहा मिनिटे आणि नंतर पंधरा मिनिटे जास्त धरावीत. आपल्यासारख्या प्रसंगी तर टायमरवर न विसंबता कोणीतरी समोर बसून हाताने बटण दाबावे, असे मी सुचवेन. रेकॉर्डिंग चालू असताना वाहिनी बदलू नये, कारण या बॉक्समध्ये एकच ट्यूनर (वाहिनी पकडणारा भाग) असतो.

शिवारवाट

आपण इतके सविस्तर लिहिलेत त्याबद्दल मनःपूर्वक आभार. छत्री घरावर आहे, त्यामुळे फक्त बॉक्स घ्यावा लागेल असे दिसते. दोन शंका उरतात. ऐन कार्यक्रमात वीज गेली तर काय करावे? आणि असे रेकॉर्डिंग करणे कायद्याला धरून आहे ना? मंडळातील अकरा जणींना त्याच्या प्रती द्याव्यात असे आईच्या मनात आहे.

अंशमापक

विजेचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण वीज गेल्यावर रेकॉर्डिंग तुटते, शेवटचा भाग कधी कधी खराब होतो आणि वीज परत आली तरी बहुतेक बॉक्स रेकॉर्डिंग आपणहून पुन्हा सुरू करीत नाहीत. मोठ्या इन्व्हर्टरची मात्र गरज नाही. यांतील बरेच बॉक्स 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात, आणि इंटरनेटच्या राउटरसाठी जो लहान डीसी यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर चालवणारे उपकरण) मिळतो तो त्यांना चालतो. अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर यूपीएसशी जुळतात का आणि पिन तीच आहे का, एवढे पाहून घ्यावे. दूरचित्रवाणी संच बंद पडला तरी बॉक्स चालू राहतो आणि रेकॉर्डिंग होत राहते. एलएनबीला वीज बॉक्सकडूनच मिळते, त्यामुळे छतावर वेगळी सोय करावी लागत नाही.

जुनीफीत यांचे उत्तर

मी पुण्यात राहते. माझ्या वडिलांनी 180 मिनिटांच्या व्हीएचएस कॅसेटवर दूरदर्शनच्या संगीतसभांचा मोठा संग्रह केला होता आणि तो सांभाळण्याचे काम आता माझ्याकडे आहे, म्हणून या विषयाबद्दल मला जिव्हाळा आहे. त्या काळी छतावरच्या अँटेनातून किंवा केबलमधून जे येई ते सर्व रेकॉर्ड करता येत असे. नंतर मी संगणकात ट्यूनर कार्ड बसवून केबलवरून रेकॉर्डिंग करीत होते. 2013 मध्ये पुण्यात केबलचे डिजिटायझेशन झाले, प्रत्येक घरी सेट टॉप बॉक्स बंधनकारक झाला आणि ते कार्ड निरुपयोगी ठरले.

वर सुचवलेला बॉक्स मिळाला नाही तर दुसरा मार्ग आहे. बॉक्सच्या मागे पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिनांची एव्ही जोडणी असेल तर ती यूएसबीच्या लहान कॅप्चर उपकरणामार्फत (बाहेरून आलेले चित्र व आवाज संगणकात घेणाऱ्या) संगणकाला जोडता येते आणि ओबीएस स्टुडिओ या मोफत प्रणालीने रेकॉर्डिंग करता येते. असे उपकरण सहसा हजार रुपयांच्या आत मिळते. यात चित्र आधी साध्या (अॅनालॉग) संकेतात रूपांतरित होऊन पुन्हा संगणकात जाते, त्यामुळे ते थोडे मऊ पडते आणि 720 गुणिले 576 एवढ्याच आकाराचे मिळते. आपल्या आईचा कार्यक्रम एकदाच लागणार असल्याने मी पहिल्या मार्गालाच प्राधान्य देईन. परंतु घरात जुन्या कॅसेट असतील तर त्या संगणकावर घेण्यासाठी हेच उपकरण उपयोगी पडते, आणि ते काम लवकर करावे, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात फितींवर बुरशी धरते. वडिलांच्या संग्रहातील कितीतरी कॅसेट मी अशाच गमावल्या.

कायद्याविषयी मी माझ्या संग्रहाच्या निमित्ताने माहिती घेतली होती. प्रताधिकार कायदा, 1957 मधील कलम 39 प्रमाणे रेकॉर्डिंग करणाऱ्याने स्वतःच्या खासगी उपयोगासाठी केलेले प्रक्षेपणाचे ध्वनिमुद्रण किंवा दृश्यमुद्रण हा प्रक्षेपण संस्थेच्या हक्काचा भंग मानला जात नाही. प्रामाणिकपणे अध्यापनासाठी किंवा संशोधनासाठी केलेले मुद्रणही त्यात येते. मात्र ही सवलत स्वतःच्या उपयोगापुरती आहे. ती फाइल यूट्यूबवर चढवणे किंवा प्रती विकणे तिच्यात बसत नाही. अकरा जणींना प्रती देण्याचा आईंचा विचार मला मनापासून पटतो, तरीही त्यासाठी वरळीच्या मुंबई दूरदर्शन केंद्राला एक लेखी विनंती करावी, असे मी म्हणेन. कार्यक्रमात सहभागी झालेल्या कलाकारांकडून ती जात असल्याने मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. सशुल्क बॉक्सच्या एचडीएमआय जोडणीवरील संरक्षण काढून टाकणारी उपकरणे कोणी सुचवली तर त्या वाटेला जाऊ नये; अशा संरक्षणाविषयी 2012 च्या दुरुस्तीने कलम 65-अ आले आहे, आणि आपल्याला त्या उपकरणांची गरजही नाही.

फाइल मिळाल्यावर तिला हात न लावता आधी दोन प्रती कराव्यात, एक घरातील संगणकावर आणि दुसरी गावाबाहेर राहणाऱ्या नातेवाइकाकडे. आकार कमी करण्यासाठी रूपांतर करायचे असेल तर ते प्रतीवर करावे, मूळ फाइल तशीच ठेवावी. मोबाइलवरून पाठवताना आकुंचित झालेली फाइल हीच मूळ समजून बसण्याची चूक माझ्या जवळच्या माणसांनी केली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

रात्रपाळी

ज्यांना एखाद्या कार्यक्रमापुरते नव्हे तर रोज रेकॉर्डिंग करायचे आहे, त्यांच्यासाठी थोडेसे लिहितो. डीव्हीबी-एस2 प्रकारचा (उपग्रहाचा सिग्नल घेणारा) यूएसबी ट्यूनर छत्रीच्या केबलला आणि रास्पबेरी पाय या लहानशा संगणकाला किंवा जुन्या संगणकाला जोडून त्यावर टीव्हीहेडएंड ही मोफत प्रणाली चालवली, तर आठवड्याचे वेळापत्रक एकदा ठरवून देता येते. एकाच ट्रान्सपाँडरवरील (उपग्रहाच्या एकाच प्रक्षेपकावरील) दोन-तीन वाहिन्या एका ट्यूनरवर एकाच वेळी रेकॉर्ड होतात, जे साध्या बॉक्समध्ये सहसा जमत नाही. खर्च मात्र अधिक आहे आणि लिनक्स या संगणक प्रणालीची थोडी ओळख लागते. ट्यूनर घेण्यापूर्वी त्या नमुन्याला लिनक्समध्ये आधार आहे का, हे पाहावे. शिवारवाट यांनी यात पडू नये, त्यांचे काम बॉक्सनेच होईल. सह्याद्रीच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवरही बरेच कार्यक्रम येतात, परंतु हवा तो कार्यक्रम तेथे येईल आणि कायम राहील, हे गृहीत धरू नये.

शिवारवाट

सर्वांचे आभार. काल विट्याहून बॉक्स आणला. दुकानदाराने आधी रेकॉर्डिंग दाखवण्यास टाळाटाळ केली, परंतु अंशमापक यांनी सांगितल्याप्रमाणे मी आग्रह धरला. पहिला बॉक्स केवळ फाइल दाखवणारा निघाला आणि दुसरा योग्य मिळाला. छत्री वळवायला दीड तास लागला. घड्याळ खरोखरच साडेपाच तास मागे होते, ते दुरुस्त केले.

पहिल्या चाचणीत चित्र काही वेळाने तुटू लागले, तेव्हा मला छत्रीचाच संशय आला. वास्तविक दोष पेनड्राइव्हचा होता. जत्रेतील एका स्टॉलवरून घेतलेला तो 64 जीबीचा पेनड्राइव्ह संगणकावर तपासला असता त्यात प्रत्यक्षात 8 जीबीसुद्धा जागा नव्हती. नवा 32 जीबीचा पेनड्राइव्ह लावल्यावर एक तासाचे रेकॉर्डिंग सलग झाले आणि फाइल सव्वा जीबीची भरली. यूपीएस मागवला आहे, आणि केंद्राला पत्र आज टपालाने पाठवले.

पूर्वीचा अनुभव असल्याने आईचा या सगळ्यावर विश्वास बसत नव्हता. म्हणून मी तिच्या समोर छत्रीची केबल काढली, बॉक्स बंद केला, पेनड्राइव्ह पुतण्याच्या लॅपटॉपला लावला आणि काल संध्याकाळचा कार्यक्रम सुरू केला. तिने तो पाच-दहा मिनिटे पाहिला आणि विचारले, की आता रिचार्ज संपला तरी हे दिसेल ना. मी म्हणालो, याला रिचार्जच नाही. तेव्हा तिने मंडळातील दोघींना घरी बोलावून त्यांनाही तेच पुन्हा दाखवायला लावले.