मदत हवी आहे: उकिडवं बसून उठताना मांडीचे पुढचे-मागचे दोन्ही स्नायू एकाच वेळी कसे आवळतात?

नमस्कार. मी शाळेतल्या मुलींना योगासनं शिकवते. बऱ्याच जणी खो-खो खेळतात. त्यांच्या मांड्यांबद्दल एक गोष्ट मला उलगडत नाहीये. आधी मला जे समजलंय ते लिहिते, चुकत असेल तिथे दुरुस्त करा.

नववीतल्या एका मुलीला उताणं झोपून एक पाय सरळ उचलायला सांगितला की तो साधारण ६० अंशांवर अडतो. गुडघ्याच्या लवणीत शीर तारेसारखी ताठ लागते. तिथेच गुडघा दुमडला की मांडी अलगद पोटाला टेकते. म्हणजे खुबा मोकळाच आहे, अडवतात ते मांडीमागचे हॅमस्ट्रिंग. आपण पाटावर बसतो तेव्हा जे हाड टेकतं, तिथून ते निघतात आणि खुबा व गुडघा दोन्ही ओलांडून गुडघ्याखालच्या हाडांना चिकटतात. (त्यांपैकी बायसेप्स फेमोरिस या स्नायूचा आखूड भाग तेवढा मांडीच्या हाडावरून निघतो, त्याचा खुब्याशी संबंध नाही.) गुडघा सरळ करण्यातच त्यांची लांबी खर्ची पडते, खुब्यासाठी उरत नाही. वर्षभर मी तिचा खुबा जखडलाय असं समजून चालले होते, याचं फार वाईट वाटतं.

पुढच्या बाजूला क्वाड्रिसेप्सच्या चार भागांपैकी फक्त रेक्टस फेमोरिस खुबा ओलांडतो. दंडासनात, म्हणजे पाय समोर सरळ पसरून ताठ बसल्यावर, हात न टेकता सरळ पाय उचलायला सांगितला तर टाच जेमतेम चार बोटं वर येते आणि मांडीत गोळा येतो. खुर्चीत बसून गुडघा उचलायला मात्र काही त्रास नाही. दंडासनात रेक्टस दोन्ही टोकांनी आधीच आखूड झालेला असतो, आणखी आखडायला वाव नसतो. इथवर कळलं.

आता गोंधळ. खो-खोत आठ जणी चौकोनांत बसतात आणि खो मिळाला की उकिडव्यातून उठून पळतात. परवा एकीला अगदी सावकाश उठायला सांगितलं आणि तिच्या मांडीवर एक हात पुढून, एक मागून ठेवला. दोन्हीकडे दगडासारखं कडक! रेक्टस खुबा दुमडतो आणि गुडघा सरळ करतो. हॅमस्ट्रिंग बरोबर उलटं करतात. दोघांनी एकदमच ओढलं तर पाय जागेवर अडकायला हवा. ती तर उठते. हे कसं? आणि बैठका घातल्या की दोन्हींचं काम भागेल, की वेगळं ताणावं लागेल?

प्रतिसाद १

ताई, हात ठेवून पाहिलंत हे उत्तम केलंत. मी फिजिओथेरपी शिकवते आणि मुलांना हाच प्रश्न हमखास घालते. वॉरन लोम्बार्ड यांनी १९०३ मध्ये हा पेच मांडला, त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो.

शाळेतली तरफ आठवा. ओढ सारखी असली तरी टेकूपासून जो लांब, त्याचा जोर जास्त. खुब्यापाशी हॅमस्ट्रिंग सांध्यापासून लांब पडतात, रेक्टस जवळ. म्हणून हॅमस्ट्रिंग जिंकतात आणि खुबा सरळ होतो. गुडघ्यापाशी उलटं: वाटी पुढच्या स्नायूला सांध्यापासून दूर उचलून धरते, त्यामुळे तिथे रेक्टस जिंकतो आणि गुडघाही सरळ होतो. शिवाय खुब्याला कुल्ह्याचा मोठा स्नायू आणि गुडघ्याला क्वाड्रिसेप्सचे उरलेले तीन भाग हात देतातच.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. उठताना हॅमस्ट्रिंग वरून आखडतो तेवढाच जवळपास खालून लांबतो. एकूण लांबी फारशी बदलत नाही. त्यामुळे बैठकांनी बळ येईल, पण या दोन स्नायूंची लांबी त्यांच्यावर सोडू नका. हॅमस्ट्रिंगसाठी गुडघा सरळ ठेवून खुब्यातून वाकायचं, पाठीतून नाही. रेक्टससाठी उभं राहून टाच कुल्ह्याकडे आणायची, मांडी किंचित मागे न्यायची आणि कंबरेचा बाक वाढू द्यायचा नाही. मागे मुंग्या आल्या किंवा चमक निघाली तर लगेच थांबा, सायटिक नस तिथूनच खाली उतरते.

धागालेखिका

मनापासून आभार! वाटीचं काम हे असतं, हे आज पहिल्यांदा नीट कळलं. एक राहिलं: सुप्त वज्रासनात मागे झोपताना मुलींची कंबर उचलली जाते, गुडघेही वर येतात. तेही रेक्टसमुळेच ना?

प्रतिसाद २

हो, बहुतेक वेळा तोच. तिथे गुडघा पूर्ण दुमडलेला आणि खुबा सरळ, म्हणजे तो दोन्हीकडून ताणलेला. सगळं मागे झोपवू नका. पाठीखाली लोड द्या, गुडघे जमिनीला टेकलेले राहतील तेवढंच मागे जाऊ द्या.

धागालेखिका

उद्याच्या तासाला घरून दोन लोड नेते. त्या नववीतल्या मुलीपासूनच सुरुवात करते.