दोन कानांना अकरा स्पीकर कशाला? (एक चिडलेलं उत्तर)

घुमट (धागाकर्ता)

परवा 'दोनच_कान' यांनी आपल्या साउंडबारचा (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) अनुभव सांगून लिहिलं की देवानं कान दोनच दिलेत, तेव्हा स्पीकरही दोनच पुरेत, आणि अ‍ॅटमॉस (डॉल्बीचं, डोक्यावरूनही आवाज आणणारं होम थिएटरचं तंत्र) म्हणजे दुकानदारानं छताऐवजी गिऱ्हाइकाला लावलेला चुना. खाली '+१'ची रांग. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा.

आधी कान. डोक्यावर बरोबर मध्ये कोकीळ ओरडली तर तिचा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी आणि सारखाच पोचतो. समोरून आला तरी तसाच. मग मान वर का जाते? कारण कानाच्या पाळीला ज्या वळ्या आहेत त्या वरून आलेला आवाज वेगळा रंगवतात आणि मेंदूला लहानपणापासून तो रंग पाठ असतो. समोरचे दोन स्पीकर डावं-उजवं देतील, थोडी खोली देतील, पण कौलावरची कोकीळ त्यांना झेपत नाही.

दुसरं, अ‍ॅटमॉस म्हणजे 'आणखी स्पीकर' नव्हे. ५.१ (पाच स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर) किंवा ७.१ मध्ये मिक्सिंग करणारा ठरवून टाकायचा की हा आवाज मागच्या डाव्या स्पीकरमधून. अ‍ॅटमॉसमध्ये तो म्हणतो, हेलिकॉप्टर या क्षणी इथे आहे, पुढे तिथे जाईल. कोणत्या स्पीकरनं किती बोलायचं हा हिशोब तुमच्या घरातला रिसीव्हर करतो. थिएटरमध्ये २०१२ ला आलं तेव्हा १२८ ट्रॅक आणि ६४ स्पीकरपर्यंतची सोय होती, घरात २०१४ पासून. एकच साउंडट्रॅक माझ्याकडे ५.१.४ वर वाजतो (शेवटचा आकडा वरच्या स्पीकरांचा), दुसऱ्याकडे ७.१.२ वर.

आणि ज्या साउंडबारवरून हा निकाल लावला, त्याचे वरचे स्पीकर छताला आवाज आपटून खाली आणतात. त्याला सपाट, टणक छत लागतं. तुमच्याकडे माळा आहे, झुंबर आहे, पंखा आहे, हे तुम्हीच लिहिलंय. भाकरी करपली म्हणून ज्वारीला शिव्या देण्यातला प्रकार.

माझ्याकडे छतात चार स्पीकर बसवले त्या दिवशी पावसाचा एक प्रसंग लावला. आई सोफ्यावर भाजी निवडत बसली होती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "गच्चीची गळती परत सुरू झाली का रे?" माझ्यासाठी चर्चा तिथेच संपली.

दोनच_कान

आमच्याकडे ती गळती गेली चार वर्षं फुकटात ऐकू येते. बादली ठेवली की पाचवा चॅनेल.

'१२८ ट्रॅक' हे तुम्ही थिएटरचं सांगताय. घरी येईपर्यंत त्या सगळ्याचे गट बांधून १२ ते १६ गाठोडी करतात, हे सोयीस्कररीत्या गाळलंत. स्ट्रीमिंगवर तर ती गाठोडीसुद्धा बहुतेकदा ७६८ केबीपीएसच्या (सेकंदाला किलोबिट) आत कोंबलेली. भरीत ताटात आल्यावर शेतात वांगी किती होती ते कशाला ऐकवायचं?

४८ हजार घातले होते मी त्या बारमध्ये, महिनाभरात निम्म्याला विकला. आता जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. रात्री भीमसेनजींचा मारवा लावतो, तानपुरा खोलीभर पसरतो. छताला भोकं न पाडता.

ताबा_मिळाला

छान चर्चा. नवीन फ्लॅटचा ताबा मिळालाय, हॉल १६ बाय ११. बजेट साठ-सत्तर हजार. काय घ्यावं?

घुमट

@दोनच_कान, गाठोड्यांचं बरोबर आहे, गाळलं हेही बरोबर. पण ब्लू-रे डिस्कवर डॉल्बीचं ट्रू-एचडी असतं, त्यात काही गमावलेलं नसतं. तुम्ही डबाबंद भरीत खाऊन वांग्याला नावं ठेवताय.

एकच विचारतो. बार टीव्हीला कोणत्या केबलनं जोडला होता?

दोनच_कान

दुकानातून माणूस आला होता, त्यानं जोडला. टोकाला लाल दिवा दिसणारी बारीक केबल. का?

घुमट

😂😂 ऑप्टिकल!

अहो साहेब, ऑप्टिकलमधून स्ट्रीमिंगचं अ‍ॅटमॉस जातच नाही. साधं ५.१ जातं. एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर नेणारी एचडीएमआय जोडणी) लागतं, आणि डिस्कवरचं ट्रू-एचडी टीव्हीमार्फत न्यायचं तर तिची सुधारित आवृत्ती, ईएआरसी. म्हणजे महिनाभर तुम्ही जे ऐकलंत ते अ‍ॅटमॉस नव्हतंच. न बघितलेल्या नाटकाचं परीक्षण लिहिलंत की हो.

दोनच_कान

ठीक. ते मला माहीत नव्हतं, आणि ४८ हजार घेऊन आलेल्या माणसालाही नव्हतं. पण मग हाच माझा मुद्दा नाही का? ज्या वस्तूसाठी केबलचा पोटभेद पाठ करावा लागतो ती सामान्य माणसासाठी नाहीच. रेडिओचं बटण फिरवलं की रेडिओ लागायचा.

सांदीकोपरा

दोघेही खोलीबद्दल बोलत नाही आहात म्हणून राहवलं नाही.

पुण्या-मुंबईच्या हॉलमध्ये खाली चकचकीत लाद्या, एका बाजूला काचेचं स्लायडिंग, तीन कोऱ्या भिंती, सोफा मागच्या भिंतीला चिकटवलेला. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टणटण असा शेपटा ऐकू आला ना? तोच शेपटा प्रत्येक संवादाला लागतो. त्यात अकरा स्पीकर घातले की अकरा शेपट्या.

आणि चौकोनी खोलीचा शाप वेगळाच. बारा बाय बारा असेल तर ४७ हर्ट्झच्या आसपास लांबीही घुमते आणि रुंदीही, तीही एकाच सुरात. एका खुर्चीवर बास छातीवर बसतो, शेजारच्या खुर्चीवर गायब. माझ्या मेव्हण्यानं दोन लाखांचा सेट घेतला आणि माझ्याकडे तक्रार केली की सबवूफर बिघडलाय. मी सोफा दोन फूट पुढे ओढला, खाली सतरंजी टाकली, काचेवर जाड पडदा लावला. सबवूफर 'दुरुस्त' झाला. बायको अजून नाराज आहे (त्याची), कारण सोफ्यामागे आता केर साचतो.

पंख्याचं तर कोणी नावच काढू नये. उंचीचा भास देणारी सगळी खूण बारीक, उंच स्वरांत असते आणि पंख्याची सरसर नेमकी त्यावरच पांघरूण घालते. मे महिन्यात पंखा बंद करून पाऊस ऐकणारा भक्त मला दाखवा.

घुमट

पंख्याचा मुद्दा मान्य. एसी लावतो मी, पण मान्य.

एडिसनकर

आमच्याकडे न्यू जर्सीत बेसमेंट असल्यानं यातले बरेच प्रश्न येत नाहीत. स्वतंत्र खोली, गालिचा, ७.२.४, दोन सबवूफर. शेजारी साठ फुटांवर. तुम्ही लोक एक डेडिकेटेड रूम का करत नाही?

दोनच_कान

करतो ना. आमच्या डेडिकेटेड रूममध्ये सध्या सासूबाई राहतात.

मिनर्व्हा७५

नाव बघून कळलं असेल, मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरला ७० एमएमवर शोले पाहिलेल्यांपैकी आहे मी. नाणं उडालं तेव्हा माझ्या शेजारच्या माणसानं खरोखर पायाखाली वाकून बघितलं होतं. तेव्हा कोणी हर्ट्झ मोजत नव्हतं.

माझी तक्रार साधी आहे. हल्ली संवाद ऐकूच येत नाहीत. नायक कुजबुजतो म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्या क्षणी गाडी उडते आणि नातू दचकून उठतो. रिमोट हातात धरून सिनेमा बघायचा का? मुलानं पाच स्पीकर लावून दिले, मी हेडफोन लावून बघतो.

सांदीकोपरा

काका, ते मिक्स मोठ्या थिएटरच्या पातळीला केलेलं असतं. तिथे एकेका स्पीकरची कमाल पातळी १०५ डेसिबलपर्यंत धरतात. आपण घरी त्यापेक्षा वीस-पंचवीस डेसिबल खाली ऐकतो, म्हणजे कुजबुज पंख्याच्या आवाजाखाली बुडाली. मधला स्पीकर तीन डेसिबलनं वाढवा आणि मेनूत नाइट मोड असेल तो लावा. स्फोट दबतो, कुजबुज वर येते. मुलाला फोन करायची गरज नाही.

मिनर्व्हा७५

केलं. फरक आहे. पण हे कारखान्यातूनच करून द्यायला काय होतं?

वरचा_मजला

वाचत होतो, आता लिहितोच. तुमच्या खालीवर राहणाऱ्याचं काय? आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये असाच एक हौशी आहे. शनिवारी रात्री अकराला माझ्या देवघरातली समई थरथरते. सोसायटीत तक्रार केली तर सेक्रेटरी म्हणाले की मोबाइलवर मोजलं, ४५ डेसिबलच्या आत आहे. आणि हा गृहस्थ मला वर 'रेफरन्स लेव्हल' (थिएटरइतकी आवाजाची पातळी) शिकवतो.

घुमट

रात्री अकराला चूकच. पण एक सांगा, गणपतीत तुमच्या गल्लीत दहा दिवस स्पीकरच्या भिंती उभ्या असतात, तेव्हा समई थरथरत नाही? तेव्हा वर्गणी देता ना? आमचा दहा इंची सबवूफर तेवढा गुन्हेगार.

वरचा_मजला

इथे गणपती कुठून आला?

टिपरूधारी

आता आलाच आहे तर बोलू. मी सात वर्षं पथकात ढोल वाजवतोय. डीजे आणि ढोल एका पारड्यात घालणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. नदीकाठी दोन-दोन महिने सराव करतो आम्ही, हात फुटतात.

दोनच_कान

हात तुमचे फुटतात, कान आमचे. तो दोन महिन्यांचा सराव नदीकाठच्या सोसायट्यांना विचारून करता का?

टिपरूधारी

तानपुरा ऐकणाऱ्या एसी हॉलवाल्यांना ढोल झेपायचा नाहीच.

सांदीकोपरा

राग बाजूला ठेवून एक तांत्रिक गोष्ट, कारण सेक्रेटरींची आणि मंडळांची पळवाट एकच आहे. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री दहा ते सहा ४५, ही डेसिबल-ए मध्ये आहे. त्या 'ए' मोजणीत ५० हर्ट्झच्या आवाजाला जवळपास ३० डेसिबलची सूट मिळते. म्हणजे समई हलवणारा बास मीटरवर गरीब गाय दिसतो. मोबाइलचा माइक तर तो बास धड ऐकतही नाही. बास भिंतीतून, स्लॅबमधून जातो, पडद्यानं थांबत नाही. सबवूफरखाली रबरी पॅड टाकलं तर लादीत जाणारा धक्का कमी होतो, हवेतला नाही.

वरचा_मजला

म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो. हे वाक्य छापून नोटीस बोर्डावर लावतो.

टिपरूधारी

लावा. आणि सणाचे पंधरा दिवस रात्री बारापर्यंत परवानगी देता येते हेही नियमातच आहे, ते खाली लहान अक्षरांत लावा.

दोनच_कान

परवानगी आहे म्हणून वाजवायचं, ही बुद्धी कोणती? बाबांची बायपास झाली त्या वर्षी विसर्जनाची मिरवणूक आमच्या दारात पाऊण तास अडकली. डीजे. मी खाली जाऊन हात जोडले. एका पोरानं आवाज कमी केला, दुसऱ्यानं मला बघून वाढवला. बाबांच्या कॉटची दांडी हातात धरून बसलो होतो, ती हाताखाली कापत होती. तेव्हापासून बास या प्रकाराबद्दल मला कौतुक नाही. अ‍ॅटमॉसवरचा राग कदाचित त्यातलाच असेल, पण आहे.

टिपरूधारी

वाढवला तो नालायक होता. आमचं पथक दवाखाना दिसला की थांबवतं, तुमच्या घरावर पाटी नव्हती एवढंच. असो. डीजेबद्दल तुमच्या बाजूनं आहे मी, ढोलाबद्दल नाही.

एडिसनकर

आमच्याकडे गणपती मंदिराच्या हॉलमध्ये बसतो आणि दहाला पार्किंग लॉट रिकामा करावा लागतो.

टिपरूधारी

दादा, तुम्ही बेसमेंटमध्येच बरे.

घुमट

धाग्याचा विषय होम थिएटर होता. गणपती मीच आणला, चूक माझी. @दोनच_कान, बाबांचं माहीत नव्हतं. एवढंच म्हणेन की सबवूफर बंद करूनही अ‍ॅटमॉस ऐकता येतं, मी रात्री दहानंतर तसंच ऐकतो. पावसाला बास लागत नाही. कधी आलात इकडे तर केबल मी जोडीन.

दोनच_कान

येईन. पण मारवा पाच स्पीकरवर पसरून दाखवलात तर चहा न घेता उठेन.

घुमट

मारवा दोनवरच. तेवढी अक्कल आहे.

ताबा_मिळाला

माझा प्रश्न राहिला. हॉल १६ बाय ११, बजेट साठ-सत्तर.

सांदीकोपरा

एवढ्यात अ‍ॅटमॉसच्या मागे लागू नका. मधला स्पीकर चांगला घ्या, साधं ५.१ करा, रिसीव्हर मात्र वरचे दोन चॅनेल पुढे जोडता येतील असा. सोफा भिंतीपासून सुटा ठेवा.

दोनच_कान

मी दोनच म्हणेन, पण पाच घेणार असाल तर हे बरोबर आहे. बार घेऊ नका. घेतलात तर केबल बघून घ्या.

घुमट

पहिल्यांदाच तिघांचं एकमत. मी एकच भर घालतो आणि ती सगळ्यात महत्त्वाची. आज स्पीकर घेऊ नका हवं तर, पण पीओपी करायच्या आधी छतात चार जागी वायर सोडून ठेवा. दोन-तीन हजारांत होतं. नंतर करायचं म्हणजे झिऱ्या मारा, धूळ, रंग, आणि घरच्यांचे शब्द.

ताबा_मिळाला

पीओपी गेल्या आठवड्यात झालं.