जिम्नीवर फावडं, फळ्या आणि फार्म जॅक बाहेरून लावायचे आहेत. कुठे आणि कसे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती जिम्नी, पाच दारी, मॅन्युअल. एरवी साताऱ्यातच फिरते, पण पाटणच्या वर डोंगरात आमचं शेत आहे, तिथे वरचेवर जावं लागतं. शेवटचा पट्टा कच्चा. वर तांबडी माती, खाली ओढ्याजवळ काळी. पावसाळा लागला की तिथे कोणी ना कोणी रुततंच. कधी आम्ही, कधी दुधाचा टेम्पो.

माझ्याकडे एक फावडं, रिकव्हरी बोर्डांची (रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या फळ्यांची) जोडी, ४८ इंची फार्म जॅक (दांड्यावर चढत जाणारा उंच लोखंडी जॅक), कायनेटिक दोर (रुतलेली गाडी ओढायचा, ताणला जाणारा दोर) आणि दोन शॅकल (दोर गाडीला अडकवायच्या कड्या) आहेत. आजवर हे सगळं आतच ठेवत आलो. पण मागची सीट उभी असली की जिम्नीची डिकी जेमतेम २०८ लिटरची. फळ्या तिथे मावत नाहीत, त्या सीटवर आडव्या येतात. काळ्या मातीने भरलेल्या फळ्या आत घेतल्या की वास दोन दोन दिवस जात नाही. आई मागे बसते आणि जॅक तिच्या पायाशी असतो. जोरात ब्रेक दाबावा लागला तर ते तेरा किलोचं लोखंड कुठे जाऊन आदळेल, ही धास्ती कायम डोक्यात असते.

बाहेर लावायचं ठरवलं ते या जुलैत. समोरून उसाची ट्रॉली आली म्हणून गाडी डावीकडे घेतली, साइडपट्टी खचली आणि डावी दोन्ही चाकं चरात गेली. गाडी अशी कलली की मागचं दार बांधाला टेकलं. चार बोटं उघडायचं आणि अडकायचं. फावडं आत, काचेतून दिसतंय, पण काढता येईना. शेवटी आईला उजव्या दाराने उतरवलं, पुढच्या सीटवरून मागे शिरलो आणि फावडं ओढून काढलं.

एमआयडीसीतला एक फॅब्रिकेटर म्हणतो, स्टेपनीवर लोखंडी चौकट बसवू आणि सगळं तिथेच टांगू. दुसरा पर्याय टपावर कॅरियर. तिसरा, डिकीच्या बाजूच्या खिडकीच्या काचेवर बसणारं भोकाभोकांचं पॅनेल. कशात काय लावावं? खडखडाट आणि चोरी यांचंही बघायचं आहे, गाडी रात्री रस्त्यावरच उभी असते. ज्यांनी पावसाळ्यात हे वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद, कोल्हापूर:

स्टेपनीवर सगळं टांगायचं काम अजिबात करू नका राव. मागचं दार आडवं उघडतं, म्हणजे स्टेपनीचा सगळा भार एका बाजूच्या बिजागऱ्यांवर. त्यात चौकट, जॅक आणि फळ्या मिळून आणखी पंचवीस-तीस किलो, तेही दारापासून हातभर बाहेर. खड्ड्यात गाडी आदळते तेव्हा तो भार कितीतरी पटीने जाणवतो. आधी दार खाली बसतं, मग लॅच जुळत नाही, मग रबरातून पाणी आत यायला लागतं. आजच दार अर्धं उघडून कडेला धरा आणि वर-खाली हलवून बघा. थोडाही ढिलेपणा असेल तर तिथे एक किलोही वाढवू नका.

शिवाय स्टेपनीच्या वर काही आलं की आरशात मागचं दिसणं जातं. नंबर प्लेट आणि मागचे दिवे तर झाकलेच जाता कामा नयेत.

वजनाचा हिशेबही मांडा. रिकामी गाडी साधारण १२०० किलो, माणसं आणि सामान धरून परवानगी १५४५ किलो. हातात राहिले ३४५. चार मोठी माणसं बसली की २८० गेले. उरलेल्या पासष्टात कॅरियर, अवजारं आणि शेतातून येणारं पोतं बसवायचं आहे.

प्रतिसाद, रत्नागिरी:

मला वाटतं, जॅक कुठे लावायचा याच्या आधी तो लागतो का ते बघा. फार्म जॅकला गाडी उचलायला मजबूत लोखंडी जागा लागते. जिम्नीचे बंपर प्लॅस्टिकचे. तिथे जॅक लावला तर बंपर फुटेल, गाडी जागची हलणार नाही. दाराखाली रॉक स्लायडर (मजबूत लोखंडी पाइप) बसवलेले असतील, किंवा चाकाला अडकवायची पट्टी असेल, तरच त्याचा उपयोग. आणि निसरड्या चिखलात उंच उचललेली गाडी त्या एका दांड्यावर कलंडायला वेळ लागत नाही, तेव्हा आई जवळपास नकोच.

तुमच्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आस) आहे, हा मोठा फायदा. बाटली जॅक थेट अॅक्सलखाली लावला की चाक लगेच वर येतं. सस्पेन्शन लोंबकळत राहत नाही, म्हणून फार उंच उचलावंही लागत नाही. फक्त जॅक चिखलात घुसू नये म्हणून खाली जाड फळकुट हवं. १८ मिलिमीटरच्या प्लायचे फूटभर चौरस दोन तुकडे एकमेकांवर स्क्रूने जोडा. ते सीटखाली सहज मावतं.

फार्म जॅक बाहेर लावणाऱ्यांचं आमच्याकडे समुद्रकाठी काय होतं तेही सांगते. चढण्या-उतरण्याच्या दोन पिना आणि त्यांच्या स्प्रिंगा उघड्या असतात. त्यात चिखल आणि खारी हवा बसली की ऐन वेळी पिना अडकतात. लावायचाच असेल तर त्या भागाला कापडी खोळ, पावसाळ्यात दर पंधरवड्याला घासून साफ करणं आणि सुकं वंगण. ग्रीस नको, त्याला माती चिकटते.

मूळ लेखक:

ताई, हे फार कामाचं सांगितलंत. बंपरचा मुद्दा फॅब्रिकेटरने काढलाच नव्हता. जॅक शेतावरच्या खोलीत राहील, तिथे ट्रॉलीला लागतोच. म्हणजे बाहेर लावायचं उरलं फावडं आणि फळ्या. दोर आत ठेवू की बाहेर?

प्रतिसाद, ओमान:

दोर आतच. नायलॉनचा दोर उन्हाने हळूहळू कमजोर होतो आणि वरून बघून ते कळत नाही. पावसात भिजून राहिला तरी ताकद कमी होते, आणि त्यात अडकलेली माती आतून धागे कापते. पिशवीत घालून ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवा, डिकीत नको. तुमचं मागचं दार अडकलं होतं ना, पुन्हा तसं झालं तर दोर हाताशी असायला हवा. ओला झाला तर घरी जाऊन गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. शॅकलही त्याच पिशवीत. बाहेर लटकवले की दिवसभर खडखडतात.

फळ्यांबद्दल इकडच्या वाळूतलं एक सांगतो, ते चिखलालाही लागू आहे. फळीवर चाक नुसतं फिरत राहिलं तर घर्षणाने तिचे दाते वितळतात, पुन्हा ती पकड घेत नाही. म्हणून आधी फावड्याने चाकापुढचं उकरायचं, फळी चाकाला भिडवून सरकवायची, मग पहिल्या गिअरमध्ये हळू. फावडं पहिलं लागतं, फळी नंतर. लावतानाही तोच क्रम ठेवा. फावडं एका हाताने, पाना न लागता सुटायला हवं.

प्रतिसाद, पुणे:

कोणत्या बाजूला लावायचं यावर फारसं कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो. आपण डावीकडून गाडी चालवतो. समोरच्याला वाट देताना डावीच बाजू साइडपट्टीवर उतरते आणि चरात जाते. तुमचंही तेच झालं. म्हणजे डाव्या बाजूला लावलेलं फावडं बांध आणि गाडी यांच्या मध्ये अडकणार. फावडं उजव्या बाजूलाच लावा.

जिम्नीच्या टपाला दोन्ही कडांना पन्हळ (पावसाचं पाणी वाहून नेणारी पत्र्याची कड) आहे, हे नशीब. तिला पकडणारे ब्रॅकेट मिळतात, पत्र्याला भोक पाडावं लागत नाही. ब्रॅकेट आणि पन्हळीच्या मध्ये रबराची पट्टी हवीच, नाहीतर रंग खरवडतो आणि पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. पन्हळीतून पाणी वाहायला वाट राहिली आहे ना, तेही बघा. सगळीकडे नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे) वापरा आणि पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर सगळे पुन्हा आवळा.

फावड्याचं पातं मागच्या बाजूला, दांडा पुढे. पात्याच्या धारेवर पाण्याच्या पाइपाचा तुकडा उभा चिरून बसवा, बाजारात गाडीजवळून लहान मुलं जातात. धरायला रबरी पट्ट्यांचे क्लॅम्प, दोन पुरतात. लाकडी दांडा पावसात फुगतो आणि क्लॅम्पमधून सुटत नाही, शक्य असेल तर फायबरचा घ्या.

फळ्या टपावर, मागच्या अर्ध्या भागात, आडव्या. गाडीची उंची १७२० मिलिमीटर, पायरीवर उभं राहिलं की हात पोचतो. जोडी साधारण आठ किलो. परदेशातल्या तीन दारी जिम्नीला टपावर ३० किलोचीच मर्यादा दिलेली आहे. कॅरियरचं स्वतःचं वजनही त्यातच धरायचं असतं, म्हणून जड लोखंडी पिंजरा नको. अॅल्युमिनियमच्या दोन आडव्या पट्ट्या बास.

प्रतिसाद, नाशिक:

बाजूच्या पॅनेलबद्दल सावध करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४(१अ) २०१९ च्या दुरुस्तीत आलं. सामान बॉडीच्या बाजूने, पुढे, मागे किंवा मर्यादेपेक्षा उंच आलं तर वीस हजार दंड आणि ते उतरवण्याचा खर्च वेगळा. काचेवरच्या पॅनेलला फळ्या लावल्या की त्या बॉडीच्या बाहेर येतात. फावडंही पन्हळीला धरून जितकं आत घेता येईल तितकं घ्या. जिम्नीचा टप खालच्या बॉडीपेक्षा अरुंद आहे, म्हणून पन्हळीलगतचं फावडं चाकांवरच्या रुंद कडांच्या आतच राहतं. ओळंबा सोडून खात्री करा. लोखंडी बंपरचा विचार असेल तर सोडा, क्रॅश गार्डवर (बंपरला लावायच्या लोखंडी गजांवर) केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश दिलेत.

चोरीसाठी फळ्यांच्या भोकांतून सायकलचं केबल कुलूप ओवा. फावडं शहरात असताना काढून घरात ठेवलेलं बरं.

मूळ लेखक:

सगळ्यांचे मनापासून आभार. फॅब्रिकेटरला चौकट रद्द म्हणून कळवलं. आता उजवीकडे पन्हळीला फावडं, टपावर दोन पट्ट्या आणि त्यावर फळ्या, सीटमागे दोर, सीटखाली बाटली जॅक आणि प्लाय. आज दोरीने फावडं नुसतं धरून बघितलं, तर दांडा मागच्या उजव्या दाराच्या वरच्या कडेवर येतोय आणि दार उघडताना घासतोय. आई त्याच दाराने चढते-उतरते. ब्रॅकेट दोन इंच वर घेतले तर फावडं टपाच्या वर जाईल. आखूड दांड्याचं फावडं घ्यावं का? काळ्या मातीत त्याने काम होतं का?

प्रतिसाद, पुणे:

आखूड घेऊ नका. गाडीखालची माती ओढायला लांब दांडाच लागतो, नाहीतर चिखलात आडवं पडावं लागतं. वरच न्या, टपाच्या पट्ट्यांच्या उजव्या टोकाला, फळ्यांच्या शेजारी. क्लॅम्पचं तोंड बाहेरच्या बाजूला ठेवा म्हणजे जमिनीवरून हात पोचेल. केबल मात्र फक्त फळ्यांतून ओवा, फावड्यावरून नको.