पेठेतल्या बोळी विका म्हणणाऱ्यांना चार प्रश्न

बाराबंदी
काल इथं एकानं लिहिलंय की सोलापुरातल्या साखर पेठ, शुक्रवार पेठेतल्या घरामागच्या बोळी म्हणजे नुसता कचरा आणि घुशी. महापालिकेनं त्या लगतच्या मालकांना विकायचा निर्णय घेऊन टाकावा. वर सवाल, "कुणाचं काय जातंय?"

बोळीत ड्रेनेज जातंय, साहेब. मागच्या संडासाची चार इंची लाइन बोळीतल्या सहा इंचीला मिळते. जागा विकली की आधी फरशी, मग पत्रा, मग सुताचे गठ्ठे. चेंबरचं झाकण फरशीखाली गडप. तुंबलं की मैला जागा घेणाऱ्याकडं वर येत नाही, सगळ्यात खालच्या पातळीच्या घराच्या न्हाणीत येतो.

लाइन पुढच्या रस्त्याला वळवायची? चार इंचीला ४० फुटांमागं एक फूट उतार लागतो. घर ६० फूट खोल असेल तर दीड फूट तिथंच संपला. पेठेतला रस्ता थरावर थर चढून उंबऱ्याच्या वर आलाय, घराची जमीन खाली. पुढची मेन लाइन खोल नसेल तर घाण चढावर ढकलायची का?

गठ्ठेवाला
पोस्ट माझीच. उताराचं गणित बरोबर असेल, पण बोळी आज सार्वजनिक आहेत कुठं? एका तोंडाला गेट, दुसऱ्या तोंडाला कुणाचा तरी जिना. सार्वजनिक रस्त्याचा गेलेला ताबा परत घ्यायचा दावा लावायला मुदत कायद्यात ३० वर्षं आहेत. ती उलटली की बसा बोंबलत. तुम्ही "विकू नका" म्हणताय आणि गेटवाला फुकटात मालक होतोय. त्यापेक्षा पैसे घेऊन दिलेली काय वाईट? आणि अग्निशमनाचं तुणतुणं वाजवू नका, चार फुटी बोळीत बंब शिरत नाही.

बाराबंदी
बंब शिरत नाही, होज, म्हणजे बंबाचा पाण्याचा पाइप, शिरतो. अडीच इंची, ५० फुटी तुकडे जोडत आत नेतात. खाली माग आणि सूत, वर बिऱ्हाड अशा घराला पुढून आग लागली तर माणसं मागच्या दारानंच निघणार.

माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांचं तर विचारूच नका. पन्हाळं बोळीत सांडतं. बोळीवर पत्रा टाकला की तेच पाणी पत्र्याच्या कडेनं भिंतीत मुरतं. मातीची भिंत बुडाला भिजली की आधी पोट सुटतं, मग एका पावसात बसते.

नकाशावाला
दोघंही हवेत भांडताय. आधी सिटी सर्व्हेचा नकाशा आणि दोन्ही बाजूंच्या मिळकत पत्रिका काढा. बोळ दोन मालकांची सामाईक निघाली तर महापालिका विकणार काय, कप्पाळ? सार्वजनिक असेल तर आयुक्तांच्या सहीची नोटीस त्याच बोळीत लावायची, महापालिकेच्या सभेच्या किमान महिनाभर आधी. लेखी हरकती सभेनं विचारात घ्यायच्या, मगच बंद करायला मंजुरी. जागा बाजारभावाच्या खाली देता येत नाही. विकास आराखड्यात रस्ता दाखवला असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याखाली फेरबदल करून शासनाची मंजुरी आणा. "निर्णय घेऊन टाकावा" इतकं सोपं नाही ते.

तोटी_नाही
बोळ राहू द्या बाजूला, त्यातल्या नळांचं बोला. अर्ध्या इंची लोखंडी नळ गटारीला चिकटून गेलेत. पाणी काही दिवसांआड. मधल्या दिवसांत पाइप रिकामा, सांधा गंजलेला. पाणी सुटलं की अर्ध्या एचपीची मोटर थेट नळाला. मोटर ओढते तेव्हा गंजलेल्या सांध्यातून गटाराचं पाणीही आत येतं. पहिल्या दोन बादल्या गढूळ आल्या की शिव्या महापालिकेला!

गठ्ठेवाला
प्रेशर नाही म्हणून मोटर लावतात. शेवटच्या घरानं काय चूळ भरून दिवस काढायचे?

तोटी_नाही
लावा की, पण हौदावर लावा. नळ आपल्या प्रेशरनं हौदात पडू दे, मोटर हौदातनं वर चढवेल. थेट लावलेली मोटर शेजाऱ्याचं पाणी पळवते, म्हणून तो एक एचपीची आणतो, मग तिसरा दीडची.

गठ्ठेवाला
काय बोलायलास बे! दहा फुटी घरात हौद खोदायला जागा कुठंय?

तोटी_नाही
बोळीत खोदतात की. ड्रेनेजच्या चेंबरला लागून. चेंबर झिरपलं की कुठं जातं, ते पिणाऱ्यांनी सांगावं.

नकाशावाला
मोटरवाल्यांनी वेगळा धागा काढा.

गठ्ठेवाला
बरं बाबा, थोर आहात सगळे. विक्री नको. भाडेपट्टा करा: वर छत नाही, चेंबरवर फरशी नाही, हौद नाही, दोन्ही तोंडांना जाळीचं गेट. घुशी तेवढ्या तुम्ही सांभाळा.

बाराबंदी
हे कालच लिहिलं असतं तर माझी बोटं वाचली असती. भाडेपट्टाही नकोच, गठ्ठे येतातच मागनं. गेट चालेल, पण कुलूप नको, कडी घाला. रात्री तुंबल्यावर ड्रेनेजचा माणूस किल्ली कुणाच्या उशाखाली शोधणार? पाण्याच्या जोरानं तुंबलेली लाइन मोकळी करणारी जेटिंगची गाडी तोंडाशीच थांबते, आत फक्त पाइप जातो; त्यासाठी गेटखाली सहा इंच मोकळे ठेवा. आणि गेट बाहेर उघडणारं घ्या. आत उघडलं तर पहिल्याच चेंबरच्या झाकणावर येऊन अडकतं.