ठाणे : प्रवास, इतिहास आणि जुनं साहित्य एकत्र असलेलं पुस्तक?

प्रश्न (नौपाडा): नवी प्रत घ्यायची आहे. भाषा जुनी चालेल, काटछाट नको.

उत्तर १ (वाशी): ताई, विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’ घ्या. पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक दानदक्षिणेच्या आशेनं निघाले आणि १८५७च्या बंडात सापडले. झाशीच्या वेढ्याचं वर्णन तर डोळ्यांनी पाहिलेलं! मात्र संपादक बघूनच घ्या. १९०७मध्ये चिं. वि. वैद्यांनी छापताना मजकुरात फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६मध्ये आणला. मुखपृष्ठावर हे कळत नाही. आतलं श्रेयपान उघडा, संपादकाचं नाव नसेल तर प्रत घेऊ नका.

उत्तर २ (कळवा): सहमत. शेजारी नकाशा ठेवा: महू, ग्वाल्हेर, झाशी, काळपी. नाहीतर मधेच वाट चुकते.

उत्तर ३ (नेरूळ): सोबत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. मूळ चार भाग. संक्षिप्त आवृत्तीही निघाली आहे, तेव्हा ‘संपूर्ण’ असं विचारूनच पैसे द्या. आधी चाळायचं असेल तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा, १८९३पासूनचं आहे.