मदत हवी आहे: वजन ६ आठवडे एकाच जागी, चालणं सुरू ठेवू की वेट्स उचलू?

वय ३८, उंची ५ फूट २ इंच, वजन ७४ किलो. जानेवारीपासून रोज सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावाकडे ४० मिनिटं भरभर चालते, पहिल्या ३ महिन्यांत ४ किलो उतरलं, आणि तेव्हापासून काटा हलायलाच तयार नाही. कंबर मात्र तेवढीच आहे आणि हातपाय मऊ पडल्यासारखे वाटतात, म्हणून शंका येते की चरबीसोबत स्नायूपण गेले की काय.

थायरॉईड, शुगर तपासली, नॉर्मल आहे. रात्रीचा भात बंद केला, साखर फक्त सकाळच्या चहात. शाकाहारी आहे पण अंडी चालतात, दिवसाचं प्रोटीन जेमतेम ४० ग्रॅम होत असेल. पळून बघितलं तर उजवा गुडघा दुखतो. आता मे आला, ७ वाजताच ऊन चटके देते आणि दुपारी पारा ४५ कडे, त्यामुळे बाहेरचं चालणं असंही कमी करावं लागणार.

जिमवाले म्हणतात कार्डिओ (चालणं, पळणं असे दम वाढवणारे व्यायाम) सोडा, मैत्रीण म्हणते वेट्सनी वजन वाढतं. आठवड्यात अडीच ते ५ तास चालावं अन २ दिवस स्नायूंचा व्यायाम करावा हे वाचलंय, पण माझ्याकडे आठवड्याचे ४ दिवस, ४५-४५ मिनिटंच आहेत. घरी ५ किलोचे दोन डंबेल आहेत, जिमची फी सध्या नको.

तर एवढ्या वेळात किती दिवस वेट्स आणि किती कार्डिओ ठेवू? आणि गुडघा सांभाळून स्क्वॉटऐवजी काय करता येईल?